खिंडीतला तांबूस दगड

रामिरोच्या मनगटावरचं घड्याळ वाजत होतं आणि ते बंद करायला कुणी नव्हतं.

तेओफिलोच्या पाठीवरचं ओझं चोवीस किलो भरलं. नियम विसाचा आहे.

डॉक्टर ग्रासिएलाबाईंचा उजवा गुडघा नदीच्या पुलापासूनच कुरकुरत होता.

जुन्या माणसांच्या हाडांवर आपली सावली पडू देऊ नये, असं सेनोबियाची आई सांगायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मुलांनीही कधी विचारलं नाही.

स्वयंपाकी फेलिसियानोने सहा वर्षांत कोकाचं एक पान तोंडात घातलं नव्हतं.

एक दगड काळा, एक दगड काळा, एक दगड काळा, एक दगड तांबूस.

१. पावणेसहा

सेनोबिया वाल्पा त्या सकाळी रामिरोला न्याहारीसाठी हाक मारायला निघाली होती, एवढंच.

रामिरो ओलासाबाल मुख्य वाटाड्या, ती त्याची मदतनीस. दरड कोसळल्यामुळे ही वाट पाच आठवडे बंद होती. आता उघडल्यावर वायराकंचाच्या अवशेषांकडे जाणारी ही पहिलीच तुकडी. दोन दिवसांची फेरी, दोनच पाहुणे. पलीकडच्या पायऱ्या शाबूत आहेत का ते पाहून येतो, असं रात्री सांगून रामिरो पहाटे अंधारातच गेला होता. साडेपाचला परतणार होता. परतला नाही.

मुक्कामाच्या तळापासून खिंड शंभर पावलांवर. धुकं इतकं दाट होतं की तिला स्वतःचे बूट दिसत नव्हते. तंबूजवळचा एक काळा दगड तिने सवयीने उचलून घेतला. खिंड ओलांडायची तर खालून आणलेला दगड तिथल्या राशीवर ठेवायचा, म्हणजे चढाचा शीण त्या दगडात उतरतो आणि डोंगर माणसाला जाऊ देतो. तिची आई ठेवायची, आईची आई ठेवायची. सेनोबियाने दगड गुडघ्यांवरून फिरवला, राशीवर ठेवला, वर कोकाची तीन पानं ठेवली. सगळ्या राशीवर पांढरं दहिवर गोठलं होतं. फक्त तिच्या दगडाशेजारचा एक दगड कोरडा होता. तांबूस. त्याच्याखालचं दहिवर चिरडलेलं होतं.

तिने तो पाहिला आणि पुढे गेली. पाहणं आणि समजणं यात पायऱ्यांचं अंतर होतं.

एकशेचाळिसाव्या पायरीच्या खाली तिला आधी घड्याळ ऐकू आलं. किडा किरकिरतो तसं. मग पाय दिसले.

रामिरो उताणा पडला होता. मान अशी वळली होती की दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती. त्याची पिशवी वरच्या पायरीवर उघडी पडलेली. आणि त्याची टोपी त्याच्या तोंडावर होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत, नीट, दोन्ही बाजूंनी खाली ओढून बसवलेली.

घरंगळलेला माणूस स्वतःचं तोंड झाकून घेत नाही.

सेनोबियाचे दात वाजायला लागले. तिने जबडा हाताने दाबून धरला. आणि तेव्हा तो तांबूस दगड तिला पुन्हा दिसला, डोळ्यांसमोर नव्हे, डोक्यात. खिंडीच्या अलीकडे, तळाच्या बाजूला, सगळा काळा पाटीचा दगड. तांबूस दगड फक्त इथे, या उतारावर, तिच्या पायाखाली. म्हणजे आज पहाटे, दहिवर पडल्यानंतर, कुणीतरी इथून दगड उचलून वर गेलं होतं.

रामिरो तर खाली पडला होता. मग वर परत कोण गेलं?

वर फक्त तळ होता. तळावर चार माणसं होती आणि चहाचं पाणी उकळत होतं.

२. चहा

"बसा मामीता, आधी चहा घ्या," फेलिसियानो म्हणाला आणि त्याने तिच्या हातात पेला दिला.

तिने घोट घेतला नाही. पेल्याकडे पाहिलं, पेला देणाऱ्याकडे पाहिलं, मग चुलीपलीकडे उकिडव्या बसलेल्या आपल्या भावाकडे. तेओफिलो तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तुकडीतला एकमेव हमाल. त्याच्या गालात कोकाचा बोकाणा होता, नेहमीसारखा. तो चघळायचा थांबला होता.

"मेला?" त्याने विचारलं.

"मेला."

"घसरून?"

"टोपी तोंडावर ओढून कुणी घसरत नाही, तुराय." त्यांच्या केचुआ भाषेत बहीण भावाला तुराय म्हणते, भाऊ बहिणीला पानाय.

पाहुणे दोघे चिलीचे. डॉक्टर ग्रासिएलाबाई आणि त्यांचे यजमान सेन्योर बेन्हामिन, निवृत्त वकील. बाईंनी छातीवर क्रूस केला. यजमानांनी मात्र सरळ वायरलेस उचलला आणि पुलाजवळच्या चौकीशी तेच बोलले. सेनोबियाने हात पुढे करेपर्यंत बोलून मोकळे झाले होते.

"पोलीस अकरापर्यंत पोचतील," ते म्हणाले. "कुणी हलायचं नाही. आणि त्यांनी विचारलं, काल भांडण कुणाशी झालं होतं. मी सांगितलं."

काल संध्याकाळी चोवीस किलोंच्या ओझ्यावरून तेओफिलो सगळ्यांदेखत रामिरोवर ओरडला होता, "माझी पाठ मोडायची वाट बघतोस? एक दिवस तूच या पायऱ्यांवरून गडगडत जाशील!"

"ते रागात बोललो होतो," तेओफिलो म्हणाला.

"सगळे रागातच बोलतात," बेन्हामिन म्हणाले. "मी तीस वर्षं कोर्टात ऐकलंय."

वायरलेस पुन्हा खरखरला. चौकीवरचा आवाज ओळखीचा होता, पण आज त्यात ओळख नव्हती. "सेनोबिया, त्या हमालावर नजर ठेव. तुझा भाऊ आहे, ठाऊक आहे मला. पळाला तर तुलाही आत घेतील."

सात वाजायला आले होते. अकराला चार तास. दोरीने हात बांधून आपल्या गावातल्या एका माणसाला खाली नेलेलं सेनोबियाने लहानपणी पाहिलं होतं. तो निर्दोष होता हे तीन वर्षांनी कळलं. तोवर त्याची बायको दुसऱ्या गावी निघून गेली होती आणि त्याला खोकला लागला होता, जो पुढे कधी गेला नाही.

तिने चहा जमिनीवर ओतला, जसा पहिला घोट भूमातेला देतात तसा. फक्त सगळाच ओतला.

३. मागे: काल संध्याकाळ, तीच खिंड

सूर्यास्त पाहायला सगळे वर गेले होते. रामिरो पाहुण्यांना राशीचं महत्त्व सांगत होता, हात हलवत, शहरातल्या माणसासारखं. एकटा असला की तो खडाही उचलत नसे. हे सेनोबियाला माहीत होतं.

तेओफिलोने तळावरून आणलेला दगड ठेवला, गालातला बोकाणा काढून त्यावर दाबून चिकटवला. सेनोबियाने तीन पानं ठेवली. मग बेन्हामिनसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि राशीच्या बुडालाच पडलेला एक चपटा काळा दगड उचलून वर ठेवला.

तेओफिलो केचुआत म्हणाला, "अरे बाबा, तो इथलाच रहिवासी! त्याला कसला आलाय शीण?"

"काय म्हणतो हा?" साहेबांनी विचारलं.

"फार छान ठेवलात म्हणतो," रामिरो म्हणाला.

साहेब खूश झाले. बाई गुडघा चोळत होत्या.

फेलिसियानो लांब उभा होता, हात पाठीमागे बांधून. सहा वर्षांपूर्वी तो नव्या पंथात गेला, तेव्हापासून कोका नाही, मका आंबवून केलेली चिचा नाही, डोंगराला नमस्कार नाही. पंथातल्यांना सगळे हर्मानो, म्हणजे बंधू, म्हणतात, त्यालाही म्हणायला लागले.

"हर्मानो, एक खडा ठेव की," रामिरोने चिडवलं. "तुझा देव काय खडे मोजत बसलाय?"

"दगडाला शीण देऊन काय होणार? दगड तो दगड."

"बघितलंत?" रामिरो त्याच्या खांद्यावर हात टाकून हसला. "म्हणून हा माझा लाडका. या डोंगरात कशाला म्हणजे कशाला न भिणारा एकच माणूस आहे, तो हा."

फेलिसियानो हसला नाही. त्याने रामिरोचा हात खांद्यावरून हळूच खाली ठेवला. काल ते सेनोबियाला मानभावीपणाचं वाटलं होतं.

४. उघड्या पिशवीत काय होतं

सेनोबिया पुन्हा पायऱ्या उतरून गेली आणि पिशवी तळावर घेऊन आली. पाण्याची बाटली. विजेरी. सोललेलं संत्रं, अर्धं खाल्लेलं.

आणि पिशवीच्या तळाशी तांबडी माती, बोटभर जाडीची. तिच्यात पिवळट कापसाचा पुंजका, आणि केसासारखे वाटणारे पण केस नसलेले दोन धागे, गडद लाल, इतके जुने की बोट लागताच त्यांची पूड झाली.

सेनोबियाने बोट झटकलं. मग विजारीच्या शिवणीला घासलं. मग पुन्हा घासलं.

मेलेल्यांना अशा कापसात, अशा विणलेल्या वस्त्रात गुंडाळून, गुडघे पोटाशी घेऊन डोंगराच्या कपारीत बसवत असत. इंकांच्या आधीचेही होते म्हणतात. त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. जुनी माणसं, एवढंच. त्यांची कपार उघडली की त्यातून वारं सुटतं, आणि ते वारं उघडणाऱ्याला नाही, त्याच्या घरातल्या सगळ्यात लहान जिवाला धरतं.

पिशवीत एक गाठोडं होतं. आता नव्हतं.

५. प्रश्न आणि उत्तरं, जशी झाली तशी

"सेन्योर, रामिरो पिशवीतून तुमच्यासाठी काय आणणार होता?"

"माझ्यासाठी? काही नाही."

"तुम्ही जुनी वस्त्रं जमवता. काल जेवताना तुम्हीच सांगितलंत."

"जमवणं गुन्हा नाही."

"आज पिशवी रिकामी आहे. पोलीस विचारतील, गाठोडं कुणाकडे गेलं. तुमच्या तंबूत शोधतील."

"शोधू दे! नाही माझ्याकडे. त्याने… हे बघ मुली, त्याने म्हटलं होतं, काहीतरी खास दाखवतो. पाच आठवड्यांपूर्वी काढून ठेवलंय, वाट बंद झाल्यामुळे आणता आलं नाही. मी फक्त बघणार होतो."

"एकट्याने काढलं?"

"एक माणूस मदतीला होता म्हणे. न भिणारा माणूस मिळायला नशीब लागतं, असं हसून म्हणाला. कोण ते मी विचारलं नाही."

"पहाटे तुम्ही कुठे होता?"

उत्तर बाईंनी दिलं. "इथेच. घोरत. मला गुडघ्याने झोपू दिलं नाही आणि यांनीही. सगळं ऐकलं मी. आधी बुटांचा आवाज वर गेला, तो रामिरो. लगेच त्याच्यामागून दुसरं कुणीतरी. मग बऱ्याच वेळाने ते दुसरं एकटंच खाली आलं."

"तेही बूट?"

"नाही. चपक्, चपक्. ओली चप्पल वाजते तसं."

टायर कापून केलेल्या वहाणा तळावर दोघांच्याच पायात होत्या. एक स्वयंपाकी. दुसरा तिचा भाऊ.

६. भाऊ

तेओफिलो तंबूंच्या मागे खडकाला टेकून बसला होता. पळून जाण्याइतका दूर नाही. पण तिला क्षणभर वाटलं, पळाला तर बरं होईल, आणि असं वाटल्याची तिला भीती वाटली.

"पहाटे उठला होतास?"

"पोट बिघडलं होतं. या हर्मानोच्या रश्शात काल मीठ सोडून सगळं होतं."

"वर गेलास?"

"पोट बिघडल्यावर कुणी डोंगर चढतं का, पानाय? उतारावरच गेलो. त्या झुडपापाशी. जा, बघून ये हवं तर."

"हसू नकोस. पोलीस तुला नेणार आहेत."

"मग रडू?" त्याचा आवाज चिरकला. मग तो खाली बघत म्हणाला, "मी कुणाकडे साक्ष मागू सांग. एक तू आहेस, आणि तूही विचारतेयस."

हे लागलं तिला. लागलं तरी ती बोलत राहिली, कारण थांबली असती तर रडली असती.

"फेलिसियानो तेव्हा तंबूत होता का?"

"माहीत नाही. तो हल्ली झोपतच नाही. पोरगी आजारी आहे ना त्याची, धाकटी. महिना होत आला, ताप उतरत नाही. तिची आजी म्हणते वारं लागलंय. हर्मानो लोक रोज घरी जमून प्रार्थना करतायत." त्याने खिशातून पानं काढली, तीन नीट निवडून, फुंकर घालून तोंडात सारली. पोलीस येणार होते तरी पानं निवडूनच घेतली. त्याला तसं न करता येतच नव्हतं.

सेनोबिया त्या हाताकडे बघत राहिली.

मग ती उठली आणि काही न बोलता खिंडीकडे चालायला लागली. नंतर पळायला लागली.

७. रास

दहिवर वितळलं होतं. दगड ओले, काळे, एकमेकांत मिसळलेले. तांबूस दगड तेवढा वेगळा.

ती गुडघ्यांवर बसली. त्याच्या वर काही नव्हतं. बाजूला पडलेलंही काही नव्हतं. ना पान, ना बोकाणा. तिची सकाळची तीन पानं शेजारच्या दगडावर तशीच चिकटून होती, म्हणजे वाऱ्याने काही नेलं नव्हतं.

तिने स्वतःशी मोठ्याने बोलून पाहिलं. मनातल्या मनात विचार केला तर भीती मध्येच तोडत होती.

"साहेबांनी नाहीतर बाईंनी ठेवला असता तर इथलाच उचलला असता. काळा. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. रामिरो परत आलाच नाही. तेओफिलोने ठेवला असता तर त्यावर कोका असता. आणि कोका लपवायचं भान असतं तर दगडच ठेवला नसता."

मग उरतो तो माणूस, ज्याला दगड खालून आणायचा असतो हे लहानपणापासून ठाऊक आहे, पण ज्याच्या खिशात कोका नाही. पिशवी, पान, चिमूटभर चुरासुद्धा नाही. सहा वर्षं नाही.

"दगड तो दगड," ती म्हणाली.

मागे चपक् असा आवाज झाला.

"मामीता," फेलिसियानो म्हणाला, "तुम्ही मघाचा चहा प्यायला नाहीत."

८. धुक्यात दोघं

त्याच्या एका हातात किटली होती. दुसऱ्या हातात बटाटे सोलायची सुरी, कदाचित हातातून ठेवायला विसरलेली. सेनोबियाच्या पाठीमागे रास, राशीमागे एकशे चाळीस पायऱ्या.

तो सुरीकडे बघून ओशाळला. सुरी त्याने कमरेला खोचली आणि किटली राशीशेजारी ठेवली. मग त्याची नजर तांबूस दगडावर पडली.

"हा कुणी ठेवला?" त्याने विचारलं.

तो खरंच विचारत होता.

"तुम्ही ठेवलात, हर्मानो."

"मी?"

"पहाटे. परत येताना."

त्याने स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. तळव्याच्या रेघांत तांबडी माती होती.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "खाली पळत होतो तेव्हा प्रार्थना म्हणत होतो, ते आठवतंय. वर आलो तेव्हाही प्रार्थनाच म्हणत होतो. देवाशपथ." मग तो मटकन खाली बसला. "हातानेच ठेवला म्हणायचं."

"कपार रामिरोबरोबर तुम्ही उघडलीत."

"तो म्हणाला, तुला कसली भीती? तू तर हर्मानो. मलाही वाटलं, कसली भीती. मेलेलं माणूस, माती. मी हात घातला, मी बाहेर ओढलं. लहान होतं ते गाठोडं. मूल असणार. आठवड्याने माझी पोरगी अंथरुणाला लागली."

"आज पहाटे काय झालं?"

"मी त्याला म्हटलं, परत ठेव. पाया पडलो. तो म्हणाला, तुझ्या देवाला हे चालतं का, भुताखेतांना भिणं? तुझ्या पाद्र्याला सांगू का? हसत होता. पिशवी पाठीवरून सोडेना. मी ओढली. पिशवी माझ्या हातात आली आणि तो…" त्याने पायऱ्यांकडे हात केला. "मी खाली गेलो तेव्हा डोळे उघडे होते. मला ते बघवेनात."

"म्हणून टोपी."

"म्हणून टोपी. मग गाठोडं जिथलं तिथे ठेवलं. दगड रचले. माफी मागितली." आणि मग तो घाईघाईने, तिचा हात धरून, म्हणाला, "त्यांना कपार दाखवू नका. मला न्या. मी म्हणेन मीच मारलं. पण गाठोडं पुन्हा बाहेर काढलं तर ती वाचणार नाही. आता कुठे परत ठेवलंय मी. मामीता, चार वर्षांची आहे ती."

सेनोबियाने हात सोडवून घेतला नाही. त्याचा हात थंडगार होता, तिचाही. तिला भावाचा गळा दिसत होता, बोकाण्याने फुगलेला गाल, दोरी. तिने एकदाच विचारलं, तेही तिला स्वतःला निर्दय वाटेल अशा आवाजात.

"पोलिसांपुढे शब्द फिरवलात तर?"

"फिरवला तर कपार दाखवा त्यांना," फेलिसियानो म्हणाला, आणि ती नेमकी कुठे आहे ते त्याने तिला सांगितलं.

९. अकरा वाजून वीस

तीन पोलीस आले. हवालदार दमलेला होता, त्यामुळे रागावलेला. त्याने आल्या आल्या तेओफिलोचं नाव घेतलं आणि दुसऱ्याने कमरेची दोरी सोडायला घेतली.

"त्याने नाही," फेलिसियानो म्हणाला. "मी."

"तू? तू तर स्वयंपाकी ना?"

"स्वयंपाक्याला हात नसतात का?"

हवालदाराने एकदा त्याच्याकडे, एकदा तेओफिलोकडे पाहिलं. एकाऐवजी दुसरा मिळाला की अशा माणसांना आधी संशय येतो. "कारण?"

"माझ्या देवाची टिंगल करायचा. रोज."

"एवढ्यावरून?"

"रोज, साहेब."

सेनोबियाने तांबूस दगडाचं सांगितलं, कोकाचं सांगितलं, वहाणांच्या आवाजाचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी मान डोलावून साक्ष दिली. बेन्हामिनसाहेब बुटाची नाडी बांधायला वाकले. गाठोड्याचा उच्चार केला तर ते कुणासाठी आणलं जात होतं हेही आलं असतं. तीस वर्षं कोर्टात ऐकलेल्या माणसाला एवढं कळत होतं. त्यांनी दुसऱ्या बुटाचीही नाडी बांधली.

"पिशवीत काही होतं का?" हवालदाराने विचारलं.

सगळे सेनोबियाकडे बघायला लागले, कारण ती पिशवीच्या सगळ्यात जवळ उभी होती. फेलिसियानो बघत नव्हता. त्याने डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ हलत होते. कुणाला विनवत होता, कुणास ठाऊक.

"संत्रं," सेनोबिया म्हणाली. "अर्धं."

दोरी तेओफिलोला नाही, फेलिसियानोला लागली. तेओफिलो तिच्याजवळ येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून, लहानपणी वीज कडाडली की उभा राहायचा तसा. "पानाय," तो कुजबुजला. "संपलं की आता."

तिचं संपलं नव्हतं. आता आयुष्यभर या खिंडीतून येताजाता त्या कपारीचा पत्ता फेलिसियानोशिवाय तिला एकटीलाच ठाऊक असणार होता.

पोलिसांनी फेलिसियानोला चालवायला सुरुवात केली. वळणावर तो थांबला. हात बांधलेले, म्हणून नुसती मान वळवून त्याने हाक मारली.

"सेनोबिया! पुलाजवळ फोन लागतो. आमच्या गावात शाळेत लावा, मास्तर निरोप देतात. मी शनिवारीच निघालोय घरून, काही कळलेलं नाही. विचाराल?"

"विचारते, हर्मानो."

"आधी तेच विचारा. बाकीचं माझं मागून सांगा."

धुकं त्यांच्यामागे बंद झालं.

रविवारी दुपारी, ही तुकडी नदीचा पूल ओलांडून वर चढायला लागायच्या आदल्या दिवशी, म्हणजे गाठोडं कपारीत परत जायच्या आधीच, फेलिसियानोच्या मुलीचा ताप उतरला होता आणि तिने दोन उकडलेले बटाटे मागून घेऊन खाल्ले होते.